बोल्टात अडकलेलं टोक

२ नोव्हेंबर १९९९, मंगळवार

आज भगवंतरावांची रायफल माझ्या दुकानात आली. ठाण्यातल्या शिपायानं गोणपाटात गुंडाळून आणली, सहीसाठी कागद पुढे केला आणि म्हणाला, "सोमनाथ हवालदार, गोळी का उडाली न्हाई ते सायबांनी लिहून मागितलंय. म्हैनाअखेरपर्यंत द्या." तालुक्यात हत्यारदुरुस्तीचा परवाना माझ्या एकट्याकडे आहे, म्हणून आली. नाहीतर भगवंतरावांनी ती माझ्या उंबऱ्याला लागू दिली नसती.

सही करताना मला जो आनंद झाला तो इथं लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठं बोलता येणार नाही.

शनिवारी उजाडताना काय झालं ते सगळ्या आळे गावाला ठाऊक आहे. माझा मेव्हणा बिरदेव, म्हाळसाचा धाकटा भाऊ, मेंढ्या घेऊन भगवंतरावांच्या रानात उतरला होता. बाजरी निघाली की रानात मेंढ्या बसवतात, खत होतं. शेजारच्या उसातून रानडुक्कर निघालं ते सरळ बिरदेववर. मांडीपासून पोटरीपर्यंत पाय फाडला. भगवंतराव वीस पावलांवर भरलेली रायफल घेऊन उभे होते. शुद्ध जाण्याआधी बिरदेवनं दोनदा आवाज ऐकला, खट् आणि पुन्हा खट्. बार झालाच नाही. माणसं धावली तेव्हा डुक्कर पसार झालेलं, रायफल एका बाजूला पडलेली आणि भगवंतराव लांब बांधावर बसलेले. दवाखान्यात बिरदेव मला म्हणाला, "दाजी, त्यो पळाला. मला सोडून पळाला."

मी ते फाट्यावर गेणभाऊच्या हॉटेलात सांगितलं. एकदा नाही, आठ-दहा वेळा सांगितलं. आता गावात भगवंतराव दिसले की पोरं तोंडानं खट् करतात. मला वाईट वाटत नाही.

४ नोव्हेंबर

रायफल टेबलावर घेतली. आधी बाहेरून पाहिली. नळी ठीक. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याला टाचेपाशी लांबलचक तडा गेलाय, पळताना आपटली असेल. तड्यात काळे राठ केस अडकलेत, ब्रशचे असावेत. म्हणजे साहेब अधूनमधून साफसफाई करतात म्हणायचं.

बोल्ट मात्र जाम. बोल्ट म्हणजे रायफलीचा अडसर. त्याच्या पोटात फायरिंग पिन असते, घोडा ओढला की ती पुढे जाऊन काडतुसाच्या बुडाला टोचते. ही पुढेही जाईना, मागेही येईना. बॅटरी लावून आत पाहिलं तर लालभडक किटण. नाकाशी धरलं तर तुपाचा वास.

मला मोठ्यानं हसू आलं. खंडेनवमीला भगवंतरावांची बायको साळुबाई ही रायफल पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते, झेंडूची माळ घालते आणि हत्याराचा नैवेद्य म्हणून बोल्टाच्या भोकात चमचाभर तूप ओतते. सासूनं लावून दिलेली चाल आहे. पलटणीतही दसऱ्याला हत्यारं पुजतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून तेलाचा हात फिरवतात. इथं कोण पुसतोय? वर्षानुवर्षांचं कुंकू, तूप आणि गंज असा थर बसलाय की छिन्नी लावावी लागेल.

अहवाल डोक्यात तयार आहे. 'परवानाधारकाच्या निष्काळजीपणामुळे हत्यार निकामी झाले.' एवढं एक वाक्य ठाण्यात गेलं की परवाना रद्द. चोवीस वर्षं पलटणीत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, हवालदार होतो, माझ्या शब्दाला किंमत आहे.

५ नोव्हेंबर

म्हाळसा दुकानात डबा घेऊन आली. भावाकडे जाऊन आली होती, डोळे सुजलेले. टेबलावरची रायफल बघून म्हणाली, "हीच का ती?"

"हीच."

"ह्यातली पिन तुमीच बसवली व्हती ना? सुट्टीवर आल्ते तवा. चिमाजीअण्णांनी गुळाची ढेप धाडली व्हती बघा."

बायकांना नको ते बरोबर लक्षात राहतं. खरं आहे, १९८९ च्या उन्हाळ्यात भगवंतरावांचे वडील चिमाजीअण्णा ही रायफल घेऊन आले होते. पिन मोडली होती. सुट्टीचा शेवटचा दिवस, संध्याकाळची गाडी. तरी ट्रॅक्टरच्या व्हॉल्वच्या दांडीतून मी दुपारभरात पिन कातून, पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून, बसवली. तेव्हा माझ्याकडे परवानाही नव्हता. गावचं काम म्हणून केलं. पिनेच्या कॉलरखाली, म्हणजे टोकाजवळच्या जाड कड्याखाली, माझे तीन ठिपके मारले. माझ्या हातच्या प्रत्येक कामावर मी टोच्यानं तीन ठिपके मारतो.

पण ती पिन आता यात कुठली असणार? १९९३ ला भगवंतराव रायफल पुण्याला घेऊन गेले होते. "मोठ्या मिस्त्रीनं सगळी उघडून बघितली" म्हणून वर्षभर सांगत फिरत होते. तिथं माझी पिन कचऱ्यात टाकली असणार. धनगराच्या पोरानं केलेलं काम त्यांना कसं चालेल!

म्हाळसाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं."

माझी पिन असती तर त्या दिवशी बार झाला असता आणि बिरदेव आज मेंढ्यांमागे चालत असता. हे मी तिला म्हणालो नाही, पण लिहून ठेवतो.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली म्हणायची. भाऊबिजेला म्हाळसा ओवाळणीचं ताट घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेली, मी सोबत होतो. बिरदेवला ताप, पायाला वास सुटलाय. दिवाळी झाली की त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तांडा, माळशेजच्या घाटानं कोकणात उतरतो. यंदा चुलतभावांनी त्याच्यासाठी निघणं लांबवलंय. त्याला बायको नाही, पोर नाही, दीडशे मेंढ्या हाच त्याचा संसार.

परत येताना भगवंतराव एस.टी.त चढले. उजवं मनगट फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेलं. सोंग! मांडी फाटली दुसऱ्याची आणि झोळी ह्यांच्या गळ्यात. मागच्या सीटवरून कुणीतरी खट् केलं. भगवंतरावांनी मान वळवली नाही. मीही हसलो, ते त्यांना ऐकू जाईल इतपत.

ह्या माणसाचं माझं काय आहे तेही एकदा लिहून टाकतो. १९९४ ला मी पेन्शनीत आलो, दुकान टाकायला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागितला. सरपंच हे. चौदा महिने माझा अर्ज ह्यांच्या ड्रॉवरमध्ये. दर वेळी एकच उत्तर, "बघू." कारण कधीही दिलं नाही. शेवटी दुसरा सरपंच आला तेव्हा सही झाली. चौदा महिने मी फाट्यावर पंपाच्या जळक्या मोटारी बांधत बसलो होतो, छातीवर चार मेडलं असलेला माणूस. ते मी विसरणार नाही, ह्या जन्मात तरी नाही.

१६ नोव्हेंबर

बिरदेवचा पाय काढला. गुडघ्याच्या वर.

म्हाळसा रडली नाही. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "त्या मान्साला सोडू नगा."

मी म्हणालो, "सोडत नाही."

१९ नोव्हेंबर

बारा दिवस बोल्ट रॉकेलात बुडवून ठेवला, मग सोड्याच्या उकळत्या पाण्यात. लाल पाणी निघालं, जखम धुतल्यासारखं. आज मागची बाजू सुटली. स्प्रिंग आली, तिच्यामागे पिनेची दांडी आली. अर्धीच! पुढची कॉलर आणि टोक मोडून आतच राहिलंय, कुंकवाच्या किटणात रुतून.

म्हणजे पिन मोडली होती. किटण हे दुसरं कारण. बरं झालं पाहिलं, नाहीतर अहवाल चुकला असता.

दांडी भिंगाखाली धरली. काय काम केलंय! कातल्याच्या रेघा तशाच सोडल्यात, पॉलिश नाही, माप नुसत्या नजरेनं घेतलेलं. मोडलेल्या जागी दाणा चकचकीत, खडीसाखरेसारखा. ही कडक पिन आहे. लोखंडाला पाणी दिल्यावर पुन्हा मंद आचेवर तापवून कडकपणा थोडा उतरवावा लागतो, नाहीतर ते काचेसारखं होतं. आज ना उद्या मोडतंच. नवख्या माणसाला पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे. ह्या मिस्त्रीला गाडी पकडायची घाई असणार. असल्या माणसाचा हात कलम केला पाहिजे. त्याच्या आळसापायी माझ्या मेव्हण्याचा पाय गेला.

आता अहवाल आणखी छान होईल. पुण्याचा भिकार मिस्त्री, ते काम डोळे मिटून वापरणारा मालक, वर तुपाचा अभिषेक. तिघंही सापडले.

म्हाळसाला सगळं सांगितलं. टोक काढायला पुढच्या भोकातून बारीक, चिवट काहीतरी घालून मागे ठोकायला हवं, माझे टोचे जाड पडतात. तिनं घोंगड्या शिवायची आपली दाभण काढून दिली. "घासा हवी तेवढी. माझ्या आईची हाये, पन घासा," म्हणाली.

२१ नोव्हेंबर

निघालं नाही. दाभण दोनदा वाकली. गेणभाऊच्या हॉटेलात लोक विचारतात, "काय हवालदार, कवा फास आवळताय भगवंतरावचा?" चार दिवस थांबा म्हणालो. चहा त्यांनी पाजला.

२३ नोव्हेंबर

अकराच्या सुमाराला निघालं. एक हलका ठोका बसला आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा टेबलावर पडला.

पेट्रोलमध्ये धुतला. कॉलरखाली तीन ठिपके आहेत.

२४ नोव्हेंबर

तीनच आहेत. पुन्हा पाहिले.

२५ नोव्हेंबर

दुकान उघडलं नाही. म्हाळसानं विचारलं, निघालं का? नाही म्हणालो. तिनं ताटात दुसरी भाकरी वाढली. "खावा, ताकद लागती त्या कामाला."

मी शोधतोय की त्या दुपारी मी काय केलं होतं. पाणी दिलं ते आठवतं. लोहाराच्या भट्टीवर दिलं, तेलातून धूर निघाला तोही आठवतो. पुढचं आठवत नाही, कारण पुढचं केलंच नव्हतं. साडेचारची एस.टी. होती. चिमाजीअण्णा बाहेर झाडाखाली बसले होते. मी पिन घातली, एकदा खट् करून दाखवलं. ते म्हणाले, "झ्याक!"

दहा वर्षं ती टिकली हे मात्र खरं. पुण्याहून आणल्यावर सहा वर्षांत मालकानं एकदाही तपासून घेऊ नये? तूप ओतायचं सुचतं, तपासायचं सुचत नाही? किटणानं पिनेवर जादा जोर पडला असणार, म्हणून मोडली. हे शास्त्राला धरून आहे. असं लिहिलं तर खोटं होणार नाही.

२६ नोव्हेंबर

आज तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि ठिपक्यांवर कानस चालवली. तीन हात. एक ठिपका गेला. मग मनात आलं की ठिपके घासले तरी दाणा तोच राहणार, आणि तो मी १९ तारखेला ह्याच वहीत ओळखलाय. हात कलम करा असं लिहिलंय. पान फाडावं म्हटलं. फाडलं नाही. का नाही ते मला सांगता येत नाही. भीती वाटली, एवढंच.

अहवालाचे दोन मसुदे केले. एकात किटण आहे, दुसऱ्यात काहीच नाही, नुसतं 'पिन जुनी झाल्याने'. दोन्ही वाचायला बरे वाटतात.

म्हाळसा आज पुण्याहून बिरदेवला घेऊन आली. खाट ओसरीवर टाकली. तो झोपेत नसलेला पाय खाजवायला जातो.

२८ नोव्हेंबर, रविवार

आज भगवंतरावांच्या घरी गेलो. कशाला गेलो ते खरं लिहितो. त्यांना डिवचायला गेलो. ते शिव्या देतील, माझं डोकं फिरेल आणि मग किटणवाला अहवाल टाकायला हात अडखळणार नाही, असा हिशेब होता. तुकडा खिशात होता.

ते अंगणात बाजेवर बसले होते, मनगटाला पलस्तर. मला बस म्हणाले नाहीत.

"अहवाल लिहायचाय," मी म्हणालो. "त्या दिवशी तुमी नेमकं काय केलं ते कळायला पाहिजे. का नुसतं 'पळाला' एवढंच लिहू?"

साळुबाई दारातून बाहेर आली ती हातातलं सूप टाकूनच.

"कोन पळालं? बंदूक वाजली न्हाई तवा नळीला धरून काठीवानी हाणली त्येंनी! त्या जनावराच्या पाठीत दस्ता तडकस्तवर हाणली, पार बांधापत्तूर हुसकत नेलं! मनगाट मोडलं ते काय बांधावर बसून? आन तुझा मेव्हना तोंड मातीत घालून पडलेला, त्याला काय दिसनार?"

मला दस्त्याचा तडा दिसला. आणि त्यातले काळे केस, जे मी चिमट्यानं काढून फुंकून टाकले होते. ते ब्रशचे नव्हते.

"तुमी हे सांगितलं का नाही?" मी भगवंतरावांना विचारलं.

"सांगितलं की. ठान्यात सांगितलं. फौजदार म्हनला, साक्षीदार कोन?" ते माझ्याकडे बघत होते. "गावात सांगायची सोय व्हती का? गेणभाऊच्या हाटेलात तुझं आदीच सांगून झालं व्हतं."

मी खिशातला तुकडा काढला नाही. पण हात खिशात होता आणि त्यांनी तो पाहिला.

"निघालं व्हय टोक?" ते म्हणाले. "तुझंच हाये ना?"

मी तुकडा मुठीत घट्ट धरला.

"त्र्याण्णव साली पुन्याच्या मिस्त्रीनं उघडून दाखवलं मला. म्हनला, ही पिन कुनी केली? हिला पानी दिलंय, उतरवलं न्हाई. काढून टाका, दगा दील. मी म्हनलं काढ. तर बाप आडवा आला. म्हनला, आपल्या गावच्या पोरानं सुट्टीचा दिस मोडून केलीय, मिल्ट्रीतला कारागीर हाये, पुन्याच्या मान्साचं ऐकून त्याचं काम फेकायचं न्हाई. म्हातारा त्या मिस्त्रीशी भांडला राव! तशीच घरी आनली."

मी उभाच होतो.

"तू दाखला मागाया आलास तवा म्हनून अडवला. घाईच्या हातात गावाची हत्यारं द्यायची न्हाईत, एवढंच माझ्या डोस्क्यात. कारन सांगितलं असतं तर म्हनला असतास, जातीवर जातो. म्हातारा गेल्यावर मी पिन बदलाया पायजे व्हती. न्हाई बदलली. तेवढी माझी चूक, ती मी कुनाम्होरंबी कबूल करीन."

"मग रायफल माझ्याकडे येऊ का दिली? फौजदाराला सांगायचं, दुसरीकडं पाठवा."

"मला बघायचं व्हतं," ते म्हणाले, "टोक हातात आल्यावर तू काय करतोस ते. आता जा. तुला काय लिवायचं ते लिव. मी तुज्याकडं काय मागाया आलेलो न्हाई."

मी परत फिरलो. अंगणाच्या टोकाला पोचलो तेव्हा साळुबाईनं सूप उचलून पुन्हा पाखडायला घेतल्याचा आवाज आला. हा माणूस मला आजही आवडत नाही. उलट जास्तच नकोसा झालाय. सहा वर्षं त्याला माझ्याबद्दल जे माहीत होतं ते मला पाच दिवसांपूर्वी कळलं.

२९ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. साडेपाच ओळी झाल्या. पिन मी १९८९ साली विनापरवाना बनवली, कडकपणा उतरवला नाही, त्यामुळे मोडली. किटणाचा संबंध नाही. दस्त्याचा तडा जोराच्या प्रहारामुळे, तड्यात जनावराचे केस होते, ते माझ्या हातून गेले. तुकडा सोबत जोडला, एक ठिपका मी घासलाय हेही लिहिलं.

फौजदारांनी दोनदा वाचला. "हवालदार, दारू प्यायलात का?" मग म्हणाले, "मला हा वर पाठवावा लागेल. परवाना ठेवून जा." मी परवान्याची मूळ प्रत टेबलावर ठेवली. दुकानाला त्यांनी सील ठोकायला शिपाई पाठवला, रायफल आणणारा तोच शिपाई.

घरी आलो. म्हाळसा चुलीपाशी होती. बिरदेव ओसरीवर, ऐकू येईल इतका जवळ. मी दोघांना एकदमच सांगितलं. दोनदा सांगायची हिंमत नव्हती.

बिरदेवनं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हाळसानं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मग विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"तेवीस तारखेला."

तिनं बोटांवर मोजलं. "सा दिस. सा दिस माझ्या हातचं खाल्लं."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

३ डिसेंबर

फाट्यावर गेलो होतो. गेणभाऊला म्हणालो, "भगवंतराव पळाले नाहीत. डुक्कर त्यांनीच हुसकलं. पिन माझी होती." हॉटेलात आठ-दहा माणसं होती. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. गेणभाऊनं फडकं मारून टेबल पुसलं, माझ्यासमोरचं सोडून. पळाला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा चहा मिळाला होता. ही गोष्ट त्यांना तितकीशी आवडलेली दिसत नाही.

५ डिसेंबर

बिरदेवचा वाडा आज निघाला. मढ, मग घाट, मग कोकण. बिरदेवच्या जागी म्हाळसा गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, लग्नानंतर कधी मेंढ्यांमागे चाललेली नाही. मी म्हणालो, तुझे गुडघे दुखतात, घाट उतरवणार नाही. तिनं घोंगडी खांद्यावर टाकली, भावाची काठी घेतली. सहा दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही दारातून बाहेर पाऊल टाकून झाल्यावर.

"ह्याला तुमच्याकडं ठिवून चालली. पाय तुमी घेतला. आता पाऊस पडून आमी माघारी येस्तवर तुमीच उचलून न्या आन आना."

"आणि तू परत आल्यावर?"

"आल्यावर बघू," ती म्हणाली.

६ डिसेंबर

बिरदेवला सकाळी परसात नेलं, आंघोळ घातली, खाटेवर आणून ठेवलं. तो जड आहे. एका पायाचा माणूस इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. मी उचलताना तो माझ्या गळ्याला हात घालत नाही. दोन्ही हात छातीशी धरून ठेवतो, म्हणजे सगळं वजन माझ्या एकट्यावर येतं.

८ डिसेंबर

आज जेवताना पहिल्यांदा बोलला. "दाजी, मी त्याला पळपुटा म्हनलो. शुद्धीवर आल्यावर जो भेटला त्याला सांगितलं, डाक्टरला, नर्सला, समद्यांना. त्यानं मला वाचवलं आन मी असं म्हनलो."

"मीच पसरवलं ते," मी म्हणालो.

"तुमचं तुमी बघा. मला त्याच्या दारात न्या."

"दवाखान्यातून काखेच्या काठ्या येऊ देत. आठ दिवसांत येतील."

"काठ्या येस्तवर थांबनार न्हाई. तुमी न्या. म्हाळसाक्का सांगून गेलीय न्हवं?"

९ डिसेंबर, गुरुवार

नेलं. स्कूटरवर बसवता येईना, तोल जातो. म्हणून पाठुंगळी घेतलं आणि सगळ्या गावातून चालत गेलो. दुपारची वेळ, माणसं ओट्यांवर. बायका पाण्याचे हंडे घेऊन थांबल्या. आज कुणी तोंडानं आवाज काढला नाही. देवळापाशी मला दम लागला, बिरदेवला पारावर टेकवलं. तो म्हणाला, "चला." पुन्हा उचललं. ह्या वेळी त्यानं गळ्यात हात घातला, पण माझ्यासाठी नाही, पडू नये म्हणून.

भगवंतराव अंगणातच होते. आम्हाला बघून उठले. मला वाटलं आत निघून जातात. पण ते सरळ आमच्याकडे आले. पलस्तराचा हात बिरदेवच्या पाठीमागे आणि चांगला हात मांडीखाली घालून त्यांनी त्याला माझ्या पाठीवरून उतरवून घेतलं. साळुबाईनं दुसरी बाजू धरली. माझी पाठ एकदम हलकी झाली, मी पुढे झोकांडलो.

"भगवंतराव, मी लई वंगाळ बोल्लो तुमाला," बिरदेव म्हणाला. त्याला रडू फुटलं.

"आत चल आदी. आत बसून बोलू. मेंढरं निघाली का? कोन हाये संगं?"

दोघांनी त्याला उंबऱ्यावरून आत नेलं. मीही चप्पल काढून पायरीवर पाय ठेवला. भगवंतराव आतून वळले.

"तू हितंच थांब," ते म्हणाले.

मी चप्पल पुन्हा घातली. आत कप वाजले. बिरदेव काहीतरी सांगत होता, भगवंतराव मध्येच विचारत होते, एकदा दोघंही हसले. डुकराचंच बोलणं चाललं असावं. ऊन माझ्या अंगावर आलं होतं. अंगणात बाज होती, मी तिच्यावर बसलो नाही. येणारेजाणारे बघत होते.

दीड तास थांबलो. मग आतून हाक आली, "सोमनाथ, न्हे रे ह्याला." मी पायरी चढलो, उंबऱ्यात पाठ करून खाली बसलो, आणि त्यांनी बिरदेवला पुन्हा माझ्या पाठीवर ठेवलं.